आधी पाहावे, मग वाचावे: डोंगरात राहणाऱ्यांसाठी कवितेच्या दिलाशाचा क्रम

जावळी, महाबळेश्वर आणि पाटण या तालुक्यांत बदलीमुळे, निवृत्तीनंतर किंवा घरातल्या एखाद्या मृत्यूनंतर राहायला येणारी पुष्कळ माणसे सामानात कवितांची चार पुस्तके आणतात आणि पहिला पावसाळा सरेपर्यंत ती पुस्तके फडताळात बुरशी धरतात. ती न वाचण्याचे कारण बहुधा आळस हे नसते. दिलासा हवा म्हणून माणूस दिवेलागणीला कड्यावर जातो, पुस्तक उघडतो, एका बैठकीत वीस-पंचवीस कविता मनातल्या मनात वाचतो, त्यांतले चांदणे आणि मोर समोरच्या दरीत शोधतो, ते सापडत नाहीत म्हणून मोबाईलवर फोटो काढतो आणि गेला होता त्याहून जड होऊन परततो. असे दोन-तीनदा झाले की पुस्तक पुन्हा हाती घ्यावेसे वाटत नाही. यात कवितेचा दोष नाही आणि डोंगराचाही नाही. चुकतो तो क्रम. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. विशेषतः पहिले चार टप्पे पूर्ण झाल्याशिवाय पाचव्याकडे वळू नये.

१. आपल्याला काय हवे आहे ते एका वाक्यात लिहिणे

‘मन शांत व्हावे’ हे वाक्य उपयोगाचे नाही, कारण त्यावरून कविता निवडता येत नाही. ‘पहाटे तीनला जाग येते आणि मग झोप लागत नाही’, ‘आई गेल्यापासून कुणाशी बोलावेसे वाटत नाही’, ‘शाळा सुटल्यावर गावात बोलायला कुणी उरत नाही’ अशी वाक्ये उपयोगाची आहेत. एकच वाक्य लिहावे आणि ते कुणाला दाखवू नये.

सावधान: झोप आणि भूक उडून दोन आठवडे लोटले असतील, रोजची कामे होत नसतील किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर कवितेच्या आधी डॉक्टर. टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते आणि तेथे मराठीत बोलता येते. घरात नेटवर्क नसेल तर ते जेथे मिळते त्या वळणापर्यंत कुणाला तरी सोबत घेऊन जावे. उपचार सुरू झाल्यावर पुढचे टप्पे खुशाल करावेत. दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत.

२. सात कविता निवडणे

सर्वाधिक चुका येथे होतात, म्हणून या टप्प्याला घाई न करता आठवडाभर द्यावा.

पहिली चूक संख्येची. संग्रहच्या संग्रह सोबत नेणारा माणूस वाचतो कमी आणि चाळतो जास्त. सुरुवातीला सात कविता पुरतात. एवढ्याच का, याला शास्त्राधार नाही; आठवड्याला सात दिवस असतात आणि सात कविता एका पातळ वहीत मावतात, इतकेच.

दुसरी चूक उलट्या सुरात वाचण्याची. दुःखात असलेला माणूस स्वतःला सावरण्यासाठी मुद्दाम आनंदाची, पावसात नाचण्याची कविता काढतो आणि ती त्याला परकी वाटते. आपण आज ज्या मनःस्थितीत आहोत ती ओळखणारी कविता आधी यावी आणि तिच्यातून थोडी वर नेणारी नंतर. म्हणून सातांतील तीन कविता पहिल्या टप्प्यातील वाक्याच्या जवळच्या असाव्यात, दोन त्याहून मोकळ्या असाव्यात, आणि उरलेल्या दोघींचा आपल्या दुःखाशी काहीही संबंध नसावा. या शेवटच्या दोन कविता लोक हमखास गाळतात. मला त्या सर्वांत आवश्यक वाटतात, कारण दुःखाशीच संबंध असलेल्या गोष्टी सतत वाचत राहिल्याने माणूस त्याच खोलीत येरझाऱ्या घालत राहतो.

तिसरी चूक ऋतूची आहे आणि ती डोंगरात राहणाऱ्यालाच कळते. आपल्याकडील निसर्गकविता बहुतांशी पावसाच्या आणि हिरवाईच्या आहेत. सातारच्या पश्चिमेकडील डोंगर मात्र डिसेंबरपासून पिवळे पडतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवे लागून गेलेल्या उतारांवर काळ्या राखेखेरीज काही दिसत नाही. त्या दिवसांत हिरव्या कुरणांची कविता घेऊन बसले की कविता खोटी वाटते किंवा डोंगर खोटा वाटतो. म्हणून निदान एक कविता कोरड्या ऋतूची, उन्हाची किंवा पानगळीची असावी.

चौथी गोष्ट घाटाची. मोठ्याने म्हणायचे असल्यामुळे किमान तीन रचना छंदातल्या किंवा वृत्तातल्या घ्याव्यात. मोठ्या अभंगाचे चार चरण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे असतात. शेवटच्या आखूड चरणावर श्वास आपोआप सुटतो, आणि धाप लागलेल्या किंवा हुंदका दाटलेल्या माणसाला तो थांबा फार उपयोगी पडतो. मनाच्या श्लोकांचे वृत्त भुजंगप्रयात आहे. त्याच्या प्रत्येक चरणात बारा अक्षरे लघु-गुरु-गुरु अशा चार गटांत येतात, त्यामुळे चढ चढताना पावलांशी त्याचा मेळ बसतो. सज्जनगडाच्या परिसरात ते श्लोक लहानपणी पाठ झालेले पुष्कळ लोक आहेत. त्यांनी नव्याच्या शोधात न जाता एक जागा त्यांना द्यावी. आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या आठवत असतील तर त्याही कविताच समजाव्यात. मुक्तछंद वर्ज्य नाही, पण सातही कविता मुक्तछंदातल्या असतील तर सहाव्या टप्प्यात अडचण येईल.

निवडीसाठी पुस्तके विकत घ्यायलाच हवीत असे नाही. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्यामधील भिलार हे २०१७ मध्ये पुस्तकांचे गाव झाले. तेथे घराघरांत साहित्यप्रकारांनुसार पुस्तके ठेवलेली आहेत आणि ती बसून विनाशुल्क वाचता येतात. एक अख्खा दिवस काढून कवितांच्या घरी जावे आणि वही सोबत न्यावी. ज्यांना भिलार दूर पडते त्यांनी तालुक्याच्या वाचनालयात जावे आणि ग्रंथपालाकडे थेट कवितांचे कपाट मागावे, कारण ते बहुधा मागच्या रांगेत असते.

तपासणी: निवडलेली प्रत्येक कविता एकदा मोठ्याने म्हणून पाहावी. जी म्हणताना जीभ तीनदा अडखळते किंवा जिचा अर्थ दुसऱ्याला समजावून सांगावा लागेल असे वाटते, ती बाजूला ठेवावी. गेलेल्या माणसाची आवडती कविता पहिल्या सातांत घेऊ नये. ती पुढे, सहा महिन्यांनी, घेता येते.

३. वही तयार करणे

कविता छापील पुस्तकातून किंवा मोबाईलवरून न वाचता हाताने उतरवून घ्याव्यात. उतरवताना प्रत्येक शब्दापाशी थांबावे लागते आणि निम्मे पाठांतर तेथेच होते. शंभर पानी, आखीव, शिवलेली वही घ्यावी; चिकटवलेल्या वहीची पाने दमट हवेत सुटतात. लिहायला पेन्सिल वापरावी. शाईपेन पावसाळी कागदावर फुटतो आणि पाण्याचा एक थेंब पडला की आख्खे कडवे पसरते.

कविता नेहमी उजव्या पानावर लिहावी आणि डावे पान कोरे सोडावे. हे डावे पान पाचव्या टप्प्यात लागणार आहे. जागा वाचवण्यासाठी दोन्ही बाजूंना कविता लिहिणाऱ्यांची वही पुढे नुसता संग्रह होऊन राहते.

ओळी जशा छापल्या आहेत तशाच तोडाव्यात. कवीने जेथे ओळ संपवली तेथे श्वासाची जागा असते. आपल्या वहीची रुंदी पाहून ती जागा बदलू नये.

४. एक जागा आणि एक वेळ ठरवणे

जागा घरापासून पायी दहा मिनिटांच्या आत असावी. वाडीच्या वरचा एखादा दगड, जांभळीचे झाड, ओढ्याचा काठ किंवा घराच्या पडवीचा पश्चिमेकडील कोपराही चालतो. दूरची, ‘पॉइंट’ म्हणून नावाजलेली जागा निवडणे ही फार सामान्य चूक आहे. कासच्या पठारावर सप्टेंबरातल्या रविवारी नोंदणी करून, शुल्क भरून, गर्दीतून वाट काढत गेलेल्या माणसाने फुले जरूर पाहावीत, पण तेथे वही उघडू नये. तेथील जांभ्या खडकावर मातीचा थर इतका पातळ असतो की बसण्यासाठी वाटेबाहेर टाकलेले पाऊलही शेकडो रोपांवर पडते. शिवाय रोज जाता येत नाही त्या जागेचा या कामी उपयोग नाही. एकच झाड महिनोन्‌महिने पाहिल्याने जे कळते ते वीस ठिकाणे पाहून कळत नाही.

वेळेबाबत माझे मत ठाम आहे. ताजे दुःख असलेल्यांनी पहिले तीन महिने सकाळच धरावी. दरीतल्या गावांत डोंगराच्या आड सूर्य लवकर जातो, डिसेंबरात तर पाचलाच सावली उतरते, आणि कातरवेळी एकट्याने बसून शोकाची कविता म्हटल्यावर पुढे लांबलचक रात्र उरते. सकाळी बसलेल्या माणसाला निदान चहा, दूध, शाळा, शेत अशी कामे उठवतात.

सावधान:
- कड्याच्या कडेला किंवा सुटलेल्या दरडीखाली बसू नये.
- बसण्याआधी दगड काठीने वाजवून पाहावा. फुरसे दगडाखाली दडते. साप चावल्यास बांधणे, कापणे, झाडपाला असे काही न करता १०८ ला फोन करून दवाखाना गाठावा.
- मे आणि ऑक्टोबरमधील गडगडाटी पावसाच्या दुपारी उघड्या सड्यावर (खडकाळ माळावर) किंवा एकट्या झाडाखाली थांबू नये. वीज तेथेच पडते.
- कोयनेच्या आणि चांदोलीच्या बाजूला राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की ती अरण्ये २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत. परवानगीशिवाय आत जाता येत नाही. गवा आणि अस्वल यांचा वावर असलेल्या वाटांवर भल्या पहाटे एकट्याने जाऊ नये.
- कोठे जातो ते घरी किंवा शेजारी सांगून जावे.

५. बैठक: पाहणे, नोंद, कविता, गप्प बसणे

बैठक अर्ध्या तासाची असावी आणि तिचा क्रम बदलू नये.

पहिली दहा मिनिटे वही बंद ठेवून फक्त पाहावे आणि ऐकावे. मोबाईल घरी ठेवता आला तर उत्तम; सुरक्षिततेसाठी सोबत हवा असेल तर तो बंद करून पिशवीत ठेवावा. नवख्या माणसाला ही दहा मिनिटे फार लांब वाटतात आणि तो चौथ्या मिनिटाला वही उघडतो. उघडू नये. चित्त ठरत नसेल तर पाहण्याला काम द्यावे: आधी दूरची डोंगरधार, मग समोरचा उतार, मग पायाजवळचा हातभर तुकडा. त्या हातभर तुकड्यात मुंग्यांची वाट असते, वाळलेल्या गवतावर दव असते, कोळ्याचे जाळे असते. मन भलतीकडे गेले तर त्याच्याशी भांडू नये. परत पायाजवळच्या तुकड्याकडे यावे.

पुढची पाच मिनिटे डाव्या पानावर नोंद करावी. तारीख, वेळ, आभाळ कसे आहे, दिसलेली एक गोष्ट आणि ऐकलेली एक गोष्ट, एवढेच लिहावे. ‘सुंदर’, ‘रम्य’, ‘विहंगम’ हे शब्द या पानावर वापरू नयेत, आणि स्वतःच्या मनःस्थितीविषयीही तेथे लिहू नये. ‘पांगाऱ्यावर दोन साळुंक्या, एक खाली उतरली’ ही चांगली नोंद आहे. ‘निसर्गाच्या कुशीत मन हरखून गेले’ ही नोंदच नाही. सुरुवातीला हा नियम कोरडा वाटतो, पण दुःखी माणसाचे लक्ष दिवसभर स्वतःवरच खिळलेले असते आणि ते अर्धा तास बाहेर काढणे हेच या टप्प्याचे काम आहे.

त्यानंतर त्या दिवसाची एकच कविता दोनदा मोठ्याने म्हणावी. पहिल्यांदा अर्थाकडे लक्ष न देता लयीप्रमाणे, प्रत्येक चरणाच्या शेवटी थांबत. दुसऱ्यांदा अर्थाप्रमाणे, नेहमीच्या बोलण्याच्या गतीने. वाऱ्याकडे पाठ करून बसले की आवाज तोंडातच अडकत नाही. लाज वाटत असेल तर पुटपुटावे, पण ओठ हलायला हवेत. मोबाईलवरचे दुसऱ्या कुणाचे वाचन कानात लावून ऐकणे हा याला पर्याय नाही, कारण त्यात श्वास आपला नसतो.

कविता आधी म्हणून मग पाहू लागले तर डोळे कवितेतल्याच वस्तू शोधतात आणि समोरचे निसटते. म्हणून पाहणे आधी. या क्रमाने केले की कधी कधी आपल्या नोंदीतली एखादी वस्तू कवितेच्या ओळीत अचानक भेटते. ती भेट रोज होत नाही आणि घडवून आणताही येत नाही.

उरलेला वेळ गप्प बसावे. रडू आले तर येऊ द्यावे. अर्धा तास झाला की उठावे, मन रमले असले तरी उठावे.

तपासणी: पंधरा दिवसांनी फक्त डावी पाने चाळावीत. नोंदी दिवसेंदिवस बारीक होत गेल्या असतील, म्हणजे ‘पक्षी’ऐवजी ‘बुलबुल’, ‘झाड’ऐवजी ‘गेळा’ येऊ लागले असेल, तर क्रम बरोबर चालला आहे. नावे कळत नसतील तर गावातल्या गुराख्याला किंवा म्हाताऱ्या बाईला विचारावे. तेवढ्याने बोलणेही सुरू होते. सगळ्या नोंदी सारख्याच दिसत असतील तर पाहण्याची दहा मिनिटे कापली जात आहेत असे समजावे. ‘बरे वाटते का’ हा प्रश्न मात्र पंधरा दिवसांत विचारू नये.

६. पाठांतर

महिनाभराने सातांतील दोन कविता पाठ करायला घ्याव्यात, त्याही छंदातल्या. दिवसाला एक कडवे, भांडी घासताना, जनावरांना वैरण घालताना किंवा एसटीची वाट पाहताना म्हणावे. पहाटे तीनला जाग येते तेव्हा दिवा लावून पुस्तक शोधण्याची ताकद नसते आणि वीजही गेलेली असू शकते. पाठ असलेली कविता तेव्हाच कामाला येते.

कविता करण्याचा मोह साधारण याच सुमारास होतो. कराव्यात, पण वेगळ्या वहीत, आणि निदान तीन महिने मोबाईलवरच्या समूहावर टाकू नयेत. अंगठे मोजण्यात लक्ष अडकले की बैठक मोडते.

७. पावसाळ्याची तयारी

महाबळेश्वराला वर्षाकाठी साधारण साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला सर्वाधिक जुलैमध्ये. आठवडेच्या आठवडे धुके दारापर्यंत येते आणि दहा पावलांवरचे झाड दिसत नाही. बहुतेकांची बैठक येथे तुटते. तयारी मे महिन्यात करावी.

वही आणि पुस्तके घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवावीत, तळाशी कोरडे वर्तमानपत्र घालावे आणि वेखंडाचे तुकडे कापडाच्या पुरचुंडीत बांधून टाकावेत. त्याने कसर दूर राहते. उघडीप मिळेल तेव्हा डबा उघडून पाने वाऱ्यावर धरावीत, पण उन्हात ठेवू नयेत. पुस्तके भिंतीला टेकवून ठेवली तर ओल आधी पाठीला लागते.

जागा पडवीत किंवा खिडकीत आणावी आणि पाहण्याऐवजी ऐकावे. दहा मिनिटांत पावसाचे आवाज वेगळे करावेत: पत्र्यावरचा, कौलावरचा, केळीच्या पानावरचा, ओढ्याचा, आणि पाऊस थांबल्यावर झाडांवरून गळणाऱ्या थेंबांचा. ओढ्याजवळ घर असेल तर पहाटे शीळकरी कस्तुराची माणसासारखी शीळ ऐकू येते. रात्री बेडूक असतातच. डाव्या पानावर या दिवसांत ‘ऐकले’ एवढाच रकाना पुरतो.

बाहेर पडायचेच असेल तर इरले किंवा रेनकोट, गुडघ्यापर्यंत मोजे आणि जळवांसाठी मिठाची पुडी सोबत असावी. ओढ्याला लोंढा असताना तो ओलांडू नये.

सावधान: सलग धुक्याच्या दिवसांत उदास वाटणे डोंगरात नव्याने आलेल्या पुष्कळांच्या वाट्याला येते. या दिवसांत शोकाच्या तीन कविता बाजूला ठेवून दुःखाशी संबंध नसलेल्या दोनच आलटून पालटून म्हणाव्यात, आणि आठवड्यातून एकदा तरी शेजाऱ्याच्या चुलीपाशी बसून यावे. त्याला कविता म्हणून दाखवण्याची गरज नाही.

८. कविता बदलणे

सात कविता कायमच्या नसतात, पण कंटाळा आला म्हणून त्या बदलू नयेत. ऋतू बदलला म्हणून बदलाव्यात. वर्षातून दोन वेळा पुरतात. पहिली वेळ भाद्रपद-आश्विनात, उतारांवर सोनकी पिवळी होते आणि तेरडा फुलतो तेव्हा. दुसरी माघ-फाल्गुनात, काटेसावर निष्पर्ण होऊन लाल फुलते आणि खालचे गवत जळून गेलेले असते तेव्हा. प्रत्येक वेळी दोनच बदलाव्यात, आणि त्यांतली एक शोकाच्या तीनांतली असावी. पाठ झालेल्या दोन कवितांना हात लावू नये.

बदलण्याआधी पहिल्या टप्प्यातील वाक्य काढून वाचावे. ते अजून तसेच खरे असेल तर नवी कविताही त्याच्या जवळचीच घ्यावी. ते बदलले असेल तर नवे वाक्य त्याखाली तारखेसह लिहावे आणि निवड त्यावरून करावी. फाल्गुनातील निवडीसाठी भिलारला किंवा वाचनालयात जायचे असेल तर ते काम उन्हाळी सुट्टीची गर्दी सुरू होण्याआधी, मार्चमध्येच उरकावे, आणि येताना पुढच्या वर्षाची शिवलेली वही व दोन पेन्सिली घेऊन याव्यात.